पहिल्या नोकरीची नोंद

पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या तरुणाला सरकारने एक महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत द्यायची आणि त्याला कामावर घेणाऱ्या मालकालाही दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मदत करायची, अशी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजूर केली. खर्चाची तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची. दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्या आणि त्यांत पहिल्यांदाच नोकरीला लागणारे १ कोटी ९२ लाख, हे उद्दिष्ट. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्या तिच्यात धरल्या जातील. 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना' असे तिचे नाव आहे आणि तिच्या दारावर पाटी एकच आहे: नोकरी भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीएफच्या, दप्तरात दिसली पाहिजे.

ही पाटी सुरत जिल्ह्यातल्या कामरेजमध्ये उभे राहून वाचली, तर तिचा अर्थ जरा बदलतो. मुंबईहून महामार्गाने येताना पलसाणा, कडोदरा मागे टाकून कामरेज चार रस्त्यावर डावीकडे वळले की लसकाणा, सरथाणा आणि पुढे वराछा लागते. हा सगळा पट्टा हिऱ्यांच्या कारखान्यांचा आणि यंत्रमागांचा. बाकीच्या बाजूंना तापीच्या पाण्यावरचा ऊस. म्हणजे एकाच तालुक्याच्या अंगणात तीन वेगवेगळे रोजगार नांदतात: हिऱ्याची घंटी, म्हणजे पैलू पाडण्याचे चाक, कापडाचा माग आणि उसाचा कोयता. घंटीवर मुख्यतः सौराष्ट्रातून आलेले, मागावर ओडिशातले आणि कोयत्यावर डांग, तापी, नंदुरबार, धुळ्याकडचे. ताप्ती लाइनच्या गाडीने पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला उतरलेले आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत वसलेले खानदेशी या तिन्ही ठिकाणी थोडेथोडे आहेत, शिवाय कापड बाजारात पार्सल बांधण्यापासून मिलमध्ये रंगाच्या टाकीवर उभे राहण्यापर्यंत सगळीकडे आहेत. सुरत महापालिका अजून मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, यावरून या वस्तीचा अंदाज यावा.

या पट्ट्यात अठरा वर्षांच्या मुलाला काम मिळत नाही, असे सहसा कुणी म्हणणार नाही. काम मिळते. त्याची नोंद मिळत नाही. चार जण एका घंटीभोवती बसतात, महिनाभर हिरे घासतात, नगावर पैसे मिळतात. मागावर मीटरवर मिळतात. उसात टनावर, आणि तेही आधी घेतलेली उचल फिटल्यावर. नियुक्तिपत्र ही वस्तू पाहिलेले लोक यांत थोडे. तेव्हा तरुणांच्या रोजगारासाठी सरकारने पैसा नेमका कशावर खर्चावा, या राष्ट्रीय प्रश्नाची परीक्षा घ्यायला कामरेज ही जागा बरी आहे. इथे प्रश्न बेकारीच्या नेहमीच्या रूपात समोर येत नाही.

मालकाला मदत देण्याच्या कल्पनेपासून सुरुवात करू, कारण आजच्या धोरणाचा सर्वांत मोठा पैसा तिच्यावर आहे. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. सरकार स्वतः किती नोकऱ्या देणार? नोकरी शेवटी कारखानदार, दुकानदार देतो, आणि नवा माणूस घेताना त्याचा हात आखडतो तो पहिल्या वर्षाच्या खर्चामुळे. नवखा कारागीर शिकेपर्यंत माल बिघडवतो, मशीन थांबवतो, आणि शिकला की शेजारच्या कारखान्यात निघून जातो. ही जोखीम सरकारने वाटून घेतली, तर मालक अनुभवी माणसाऐवजी तरुणाला संधी देईल. आकडे पाहा. पीएफसाठीचा पगार १०,००० ते २०,००० रुपयांच्या दरम्यान असेल, तर मालकाला दरमहा २,००० रुपये. दोन वर्षांचे ४८,००० झाले. उत्पादन क्षेत्रासाठी ही मदत तिसऱ्या-चौथ्या वर्षीही मिळणार असल्याने तिथे एका माणसामागे ९६,००० होतात. लहान कारखानदाराला ही रक्कम उगीच वाटणार नाही. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्याने किमान दोन आणि त्याहून मोठ्याने किमान पाच माणसे वाढवायची आणि सहा महिने टिकवायची, ही अटही वाजवी आहे.

या युक्तिवादाचे जुने दाखलेही आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत मालकाच्या वाट्याची वर्गणी सरकारने भरली आणि लाभार्थ्यांची संख्या १.२१ कोटींवर गेली. कोविडच्या काळात आलेल्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत ती साठ लाखांच्या आसपास होती. बाहेरच्या जगात दक्षिण आफ्रिकेने २०१४ पासून तरुणांना कामावर घेणाऱ्या मालकांना करात सवलत दिली आहे.

दुसरीकडे, याच अनुभवावरून घेतला जाणारा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. मागणी असेल तर मालक माणूस घेणारच होता. त्याला वर दोन हजार दिले, म्हणून नोकरी 'निर्माण' झाली असे कसे म्हणायचे? आणि मागणी नसेल, तर दोन हजारांसाठी कुणी घंटी वाढवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सवलतीच्या परिणामांवर अर्थतज्ज्ञांचे अजून एकमत नाही. सुरतेत तर हा आक्षेप डोळ्यांसमोर उभा आहे. रशियन कच्च्या मालावरचे निर्बंध, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी पाडलेले भाव, चीनमधली घटलेली खरेदी आणि त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले ५० टक्क्यांचे शुल्क, यांनी हिऱ्याचा धंदा खिळखिळा केला. त्याआधीच २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका बड्या कंपनीने आपल्या ५०,००० कामगारांना दहा दिवसांची सुटी जाहीर केली होती. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारला रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्या कारागिरांच्या, मुलांची वर्षाची शाळेची फी भरण्याची, कमाल १३,५०० रुपयांपर्यंतची, मदत जाहीर करावी लागली. खाजोदला डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झालेले डायमंड बोर्स हे जगातल्या सर्वांत मोठ्या कार्यालयीन इमारतींपैकी एक. पण न्यूयॉर्कमध्ये अंगठी विकली गेली नाही, तर वराछात घंटी फिरत नाही, आणि कितीही मोठी इमारत ती फिरवू शकत नाही.

इथे थोडे थांबून आकडेवारीबद्दल बोलायला हवे, कारण दोन्ही बाजू तिचाच आधार घेतात. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली १५ ते २९ वयोगटातल्या बेरोजगारीचा दर देशभरात १०.२ टक्के होता, सर्व वयांचा ३.२ टक्के. गुजरात हे कमी बेरोजगारीच्या राज्यांमध्ये वरच्या रांगेत असते, आणि ते खोटे नाही. मात्र साप्ताहिक मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. मंदीत चार दिवसांच्या आठवड्यावर आलेला, निम्मी कमाई घरी नेणारा रत्नकलाकार या मोजमापात बेरोजगार नसतोच. उलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालाने दाखवले की पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये केवळ ३.४ टक्के. न शिकलेल्याला बेकार राहणे परवडत नाही आणि शिकलेल्याला मिळेल ते काम पत्करवत नाही. लिंबायतच्या ज्या घरात बापाने मिलमध्ये आयुष्य काढले, तिथला बी.कॉम. झालेला मुलगा मिलमध्ये जायला तयार नसेल, तर त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण ते शहाणपणाचे नाही. बापाने त्याला शिकवले ते याचसाठी.

या मुलासाठी दुसरे धोरण आहे: कौशल्य. १५ जुलै २०१५ रोजी कौशल्य भारत मोहीम सुरू झाली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांमध्ये वर्षभराची उमेदवारी आणि १,००० आयटीआयचे अद्ययावतीकरण जाहीर झाले. उमेदवारीचा दरमहा भत्ता ५,००० रुपये, वरून एकदाच ६,०००. कौशल्यवाद्यांची भूमिका अशी, की मालकाला दिलेला पैसा योजना संपली की संपतो, शिकलेले हात मात्र माणसाजवळ राहतात. कारखाना बंद पडला तरी फिटर फिटरच असतो. हे म्हणणे मला पटते.

आणि याला इथल्याच मातीतला एक मोठा आधार आहे. कामरेज हा पूर्वी बडोदा संस्थानच्या नवसारी प्रांतातला महाल. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. म्हणजे कामरेजच्या गावांत शाळा सक्तीची झाली, तेव्हा शेजारच्या ब्रिटिश सुरतेत ती नव्हती. त्याही आधी, १८९० मध्ये, महाराजांनी सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती बडोद्यात 'कलाभवन' सोपवले. रंगाई, विणकाम, यंत्रकाम, आरेखन हे विषय तिथे होते, आणि शक्य तितके देशी भाषेतून शिकवावे असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे काही काळ शिकले. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक कंपनी उभी राहिली. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा आली. शाळा, तंत्रशिक्षण, भांडवल, असा क्रम एका संस्थानिकाने लावला होता.

परंतु हाच इतिहास दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. कलाभवनात रंगाई शिकलेल्यांना काम मिळाले ते बऱ्याच अंशी मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांमध्ये. शिक्षण संस्थानने दिले, नोकरी मात्र जिथे गिरणी होती तिथे मिळाली. कौशल्य आधी की कारखाना आधी, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आजच्या अनुभवातही तो दिसतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांपैकी निम्म्यांहून कमी जणांना नोकरी लागल्याची नोंद आहे. उमेदवारी योजनेच्या पहिल्या फेरीत देऊ केलेल्या जागांच्या मानाने प्रत्यक्ष रुजू झालेले तरुण फार थोडे निघाले. ते का, हे कामरेजवरून पाहिले तर फारसे कोडे राहत नाही. योजनेचे वय २१ ते २४. इथला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत तीन-चार वर्षे कमावता झालेला असतो. पाच हजारांसाठी त्याने परगावच्या मोठ्या कंपनीत वर्षभर राहायचे, खोलीचे भाडे भरायचे आणि घरी काही पाठवायचे नाही, हे गणित त्याच्या आईला पटवून देणे अवघड आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, सहा ते दहा हजारांचा भत्ता देऊन. मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिन्यांवर गेली आणि मग प्रशिक्षणार्थी 'आम्हाला कायम करा' म्हणून रस्त्यावर आले. त्यांची मागणी मान्य होण्यासारखी नसेल, पण तिच्यातून एक गोष्ट कळते. तरुणाने प्रशिक्षण म्हणून ते घेतलेच नव्हते. नोकरीची पहिली पायरी म्हणून घेतले होते, आणि वर दुसरी पायरी नव्हती.

सुरतेची गंमत अशी, की तिथे कौशल्य शिकवणारी खरी शाळा सरकारची नाहीच. हिऱ्याला पैलू पाडणे, मागाचा तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडणे, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर नक्षी बसवणे, हे मुलगा काकाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी बसून शिकतो. प्रमाणपत्र कुणी देत नाही आणि मागतही नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ हिरे याच शाळेत शिकलेल्या हातांखालून जातात. त्या हातांना राष्ट्रीय चौकटीत शिक्का कसा द्यायचा, याचा विचार करताना आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय योजनांमध्ये आहे, हे मान्य करायला हवे. पण त्या शिक्क्याला पगारात किंमत कोण देणार, हे कुणी सांगत नाही.

स्वयंरोजगाराबद्दल थोडक्यात. मुद्रा योजनेने २०१५ पासून दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जे दिली, रक्कम ३२ लाख कोटींच्या वर. सावकाराच्या दारात न जाता शिलाई मशीन घेता आले, हातगाडी घेता आली, ही छोटी गोष्ट नाही. पण भागाकार केला तर एका कर्जाची सरासरी साठ-बासष्ट हजार येते. तेवढ्यात घरातल्या चौघांचे हात कामाला लागतात. पाचव्याला नोकरी देता येईल, इतका धंदा क्वचित उभा राहतो.

कोयत्याचा प्रश्न मात्र घाईने सोडून देता येणार नाही, कारण तो आपल्या लोकांचा आहे. दिवाळीच्या सुमारास नंदुरबार-धुळ्याची, डांगची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन बारडोली-कामरेजच्या साखर कारखान्यांच्या उसावर उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून याच भागातल्या तोडणीवर लिहिले. इतक्या वर्षांत साखर कारखाने वाढले, पण कोयत्याच्या जोडीत बसणारा तरुण तोच राहिला. २०२३ मध्ये गुजरात सरकारने तोडणीची मजुरी टनाला २३८ वरून ४७६ रुपये केली. सुधारणा मोठी खरी, पण दुप्पट करावी लागली यावरून आधीची मजुरी काय होती तेही कळते.

या तरुणासाठी वेगळे धोरण आहे, हमीचे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने ती उचलली. हमीच्या पाठीराख्यांचा मुद्दा सरळ आहे: गावात काम असेल तर माणूस उचल घेणार नाही, आणि उचल नसेल तर मुकादमाशी घासाघीस करता येईल. उलट टीकाकार विचारतात, की खड्डे खणून वीस वर्षांच्या मुलाच्या हाती पुढे काय लागते? शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. २०२५ च्या डिसेंबरात जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याने हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आणि त्याच वेळी शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा राज्यांना दिली. दोन्ही बाजूंना काहीतरी देण्याचा हा प्रयत्न आहे. कोयता उचलणाऱ्या नंदुरबारच्या मुलाला मात्र हंगाम स्वतःच्या गावचा नाही, कामरेजचा पाळावा लागतो, आणि तिथे ही हमी त्याच्यामागे येत नाही. तरुणांसाठीचे कायमचे धोरण म्हणून हमी पुरेशी नाही, असे माझे मत आहे. परंतु पडताना हाताला लागणारी काठी म्हणून तिला तोड नाही.

आता पुन्हा पीएफच्या पाटीकडे.

नव्या योजनेवरचा सर्वांत नेमका आक्षेप असा आहे: समजा एका खात्यावर, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, तीस जण वर्षानुवर्षे कागदाबाहेर काम करत आहेत. मालकाने त्यांतल्या दहा जणांना आता पीएफमध्ये दाखवले. हिशोबात दहा नव्या नोकऱ्या झाल्या, मालकाला मदत मिळाली, पोरांना हप्ते मिळाले, आणि प्रत्यक्षात एकही नवा माग हलला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत हा पैसा वाया गेला. नैतिक आक्षेप त्याहून बोचरा. ज्याने पहिल्यापासून कायदा पाळला, माणसे नोंदवली, वर्गणी भरली, त्या मालकाला काही नाही. ज्याने चुकवले, त्याला बक्षीस. सुरतेतले नेकीने चालणारे कारखानदार असे बोलले, तर त्यांना उत्तर देणे सोपे नाही.

लहान मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, वीसपेक्षा कमी माणसे असली की पीएफ कायदा मला लागूच नाही, मग मी स्वखुशीने हे ओझे का घेऊ? माझी कमाई महिन्यागणिक बदलते. मंदीत मी दोन पाळ्यांची एक पाळी करतो आणि पोराला पुढच्या महिन्यात परत बोलावतो. याच लवचिकतेमुळे सुरत दर वर्षी हजारो नवे हात, कसलाही दाखला न विचारता, आत घेते. तुम्ही प्रत्येकाला पगारपत्रकात बांधले, तर मी पाच घेतो तिथे तीन घेईन. हा युक्तिवाद केवळ स्वार्थाचा नाही. कागद न विचारणाऱ्या शहरानेच खानदेशातल्या कोरडवाहू शिवारातून आलेल्यांना उभे केले आहे. कामगार संघटना उलट सांगतात, की कित्येक मोठे कारखाने कागदावर तुकडे करून वीसच्या खाली राहतात, आणि लवचिकतेचा सगळा भार घंटीवर बसलेल्याने सोसायचा, हा न्याय नव्हे. मंदीत कारखाना मिटला, तर ज्याच्याकडे पगाराचा एकही कागद नाही, त्याला कसली नुकसानभरपाई, कसले कर्ज आणि कसला दावा? मुलांच्या फीची मदत मागायलासुद्धा आपण रत्नकलाकार होतो, हे आधी सिद्ध करावे लागते.

दोन्ही ऐकून झाल्यावर माझा कल कामगारांच्या बाजूला, पण मालकाला सोबत घेऊन, असा आहे. ज्याला दिल्लीत गळती म्हणतात, तीच कामरेजसारख्या जागी या योजनेची खरी कमाई ठरू शकते. मागाच्या शेडमधले दहा जण कागदावर आले, तर देशाच्या हिशोबात नोकरी वाढली नाही हे मान्य. पण त्या दहा जणांच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असे आले, जे मालक बदलला तरी सोबत जाते. तरुणाच्या रोजगाराच्या धोरणाने नोकऱ्यांची संख्या वाढवायची की असलेल्या कामाला नोकरीचे रूप द्यायचे, यांत निवड करायची वेळ आली, तर ओडिशा-खानदेशातून सुरतेत उतरणाऱ्या मुलाकडे पाहून मी दुसरे निवडीन. ज्या जिल्ह्यांत कामच नाही, तिथे उत्तर वेगळे असेल, आणि तिथून लिहिणाऱ्याने वेगळा कौल दिला तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

मात्र या निवडीला किंमत आहे आणि ती लपवता कामा नये. पहिली गोष्ट, जुन्या कामाची नवी नोंद आणि खरोखरची नवी नोकरी या दोन संख्या सरकारने वेगळ्या जाहीर कराव्यात. साडेतीन कोटींच्या आकड्यात दोन्ही एकत्र मिसळल्या, तर पाच वर्षांनी कोणी विचारील की एवढ्या नोकऱ्या गेल्या कुठे, आणि तेव्हा चांगली योजनाही बदनाम होईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. याच संहितांनी कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेल्यामुळे संघटना नाराज आहेत, आणि ती नाराजी बिनबुडाची नाही. पण नियुक्तिपत्राचे कलम त्यांच्या हाती आलेले हत्यार आहे. मालकाच्या मदतीचा प्रत्येक हप्ता त्या पत्राला बांधला, म्हणजे पीएफच्या नोंदीइतकेच कामगाराच्या हातातल्या कागदालाही महत्त्व दिले, तर कायदा पाळायला मालकाचे स्वतःचे कारण तयार होईल. आधीपासून नेकीने चालणाऱ्याला काय द्यायचे, याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. त्याला निदान बँकेच्या व्याजात किंवा तपासणीच्या कटकटीत सूट मिळावी, एवढे सुचते.

आणि एक बारीक गोष्ट, जी मंत्रालयात बसून सुचणे कठीण आहे. योजनेचा पहिला हप्ता सहा महिने आणि दुसरा बारा महिने नोकरीत टिकल्यावर मिळतो. सुरतेचे वर्ष मात्र दिवाळी ते दिवाळी असते. हिऱ्याचे कारखाने तेव्हा तीन-तीन आठवडे मिटतात, मंदीत ती सुटी लांबते, नगावर काम करणाऱ्याला सुटीचा पगार नसतो, आणि लाभपाचमीनंतर कोणाला परत बोलावले व कोणाला नाही, यावर पुढचे वर्ष ठरते. ऑगस्टमध्ये घंटीवर बसलेल्या मुलाचे सहा महिने फेब्रुवारीत भरतात, आणि मध्ये ही खिंड आहे. नोव्हेंबरचा कोरा रकाना म्हणजे नोकरी सुटली असे धरायचे, की सुटी म्हणून पुढे मोजायचे, हे एका परिपत्रकाने ठरवता येईल. योजनेच्या मुदतीत, म्हणजे जुलै २०२७ पर्यंत, सुरतेच्या वाट्याला दिवाळ्या दोनच.